चवथीआधी हॉलची भिंत भरून टीव्ही युनिट: कर्ज काढून करावं का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते जहाजावर इंजिन विभागात फिटर आहेत. मे महिन्यात करार संपवून घरी आले, चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की पुन्हा जाणार. यंदा त्यांनी ६५ इंची टीव्ही, एव्ही रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारं यंत्र), पाच स्पीकर आणि सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर) असा १ लाख ९० हजारांचा संच घेतला. आता तो मांडायचा कशात, हा प्रश्न आहे. इंटिरियरवाल्याने १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच भिंतभर युनिट सुचवलं आहे. चौरस फुटाला २,००० रुपये, वर काच आणि दिवे, असे एकूण २ लाख ४० हजार. १० हजार इसार देऊन झाला आहे. युनिटच्या पैशांसाठी पत्नीच्या नावावर १४ टक्क्यांचं तीन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं की आठ महिन्यांपूर्वी ठेवलेली ५ लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयाच्या खात्यातली) एफडी मोडावी, असं ते विचारतात. म्हापशाच्या दुकानातलं २८ हजारांचं तयार युनिटही त्यांनी पाहून ठेवलं आहे.

नमस्कार,

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. भिंतभर युनिट करू नका. कर्ज काढू नका आणि एफडीलाही हात लावू नका. गावातल्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, बुटकं, चाकांवरचं, मागून उघडं कपाट करून घ्या आणि वीजकामासकट सगळं ५५ हजारांत बसवा.

हा ५५ हजारांचा आकडा तुमच्याच पत्रातून आला आहे. घरखर्च महिन्याला ५२ हजार. पत्नी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचा पगार २० हजार. म्हणजे तुम्ही घरी असता तेव्हा दर महिन्याला ३२ हजार साठलेल्या पैशांतून जातात. चवथीनंतर जहाजावर चढलात तरी पहिला पगार खात्यावर दिसायला नोव्हेंबर उजाडेल असं तुम्हीच लिहिलंय. जूनपासून मोजले तर पाच महिने, म्हणजे १ लाख ६० हजार. बचत खात्यात, इसाराचे १० हजार धरून, ३ लाख होतात. त्यातून हे गेले की १ लाख ४० हजार उरतात. चवथीचे ४० हजार, कारण मुंबईचे काका सहकुटुंब येणार. मुलीची शाळेची फी आणि तुमच्या टर्म विम्याचा हप्ता मिळून ३५ हजार. राहिले ६५ हजार. त्यातले १० हजार इसारात अडकले आहेत आणि ते परत येतीलच असं धरून मी हिशेब करणार नाही. उरले ५५.

जहाजावरच्या माणसाचा पगार वर्षभर येत नाही, खर्च मात्र बाराही महिने चालतो. माझ्याकडे येणाऱ्या जहाजी कुटुंबांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो, की घरी असतानाच्या महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यालाच बचत म्हणा. करार संपल्यावर खात्यात मोठी रक्कम एकदम दिसते. तिच्याकडे पाहून माणूस खर्च ठरवतो, आणि त्याच सुमारास घरात सुतार, रंगारी, इंटिरियरवाले यायला लागतात.

आता कर्ज. २ लाख ४० हजारांवर १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता साधारण ८,२०० रुपये बसतो. तीन वर्षांत सुमारे ५५ हजार नुसतं व्याज. पण मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की कर्ज पत्नीच्या नावावर असेल. तुम्ही घरी असाल त्या महिन्यांत २० हजारांतून ८,२०० कापले जातील. तुमचा पुढचा करार वैद्यकीय तपासणीत किंवा व्हिसात अडकला, तर घर चालवायला त्यांच्या हातात १२ हजारही राहणार नाहीत. तुम्ही समुद्रावर असताना हप्त्याचा ताण त्या एकट्या सोसतील. सगळ्यांनी एकत्र बसून सिनेमा बघावा म्हणून तुम्ही हा संच आणलात. त्या आनंदासाठी त्यांच्यावर हे ओझं टाकू नका.

एफडी मोडण्याचा विचार तर लगेच सोडा. एनआरई मुदत ठेव एक वर्ष पूर्ण होण्याआधी मोडली तर तिच्यावर व्याज मिळत नाही. दर थोडा कमी लागतो असं नाही, काहीच मिळत नाही. तुमचा दर पावणेसात टक्के आहे, म्हणजे आठ महिन्यांचं साधारण २२ हजार ५०० रुपये व्याज सोडून द्यावं लागेल. ऑक्टोबरात ठेवीला वर्ष होईल. पहिला पगार लांबला तर नोव्हेंबरात ती तुमच्या मदतीला येईल. तिचं खरं काम तेच आहे. त्याआधी खरोखरच गळ्याशी आलं, तर ठेव न मोडता तिच्यावर बँकेकडून कर्ज मिळतं का ते विचारा. ते पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं.

पैशांचं एवढं पुरे. पण समजा पैसे असते, तरी मी या युनिटला हो म्हटलं नसतं. तुम्ही पाठवलेलं रेखाचित्र मी नीट पाहिलं.

युनिटची खोली १६ इंच धरली आहे. म्हणजे जेमतेम ४० सेंटीमीटर. या रिसीव्हरांची रुंदी साधारण साडेत्रेचाळीस सेंटीमीटर असते आणि खोली ३५ ते ४०. मागे स्पीकरच्या तारा आणि एचडीएमआय केबल लागतात. त्या काटकोनात दुमडता येत नाहीत, वळायला आठ-दहा सेंटीमीटर घेतात. १६ इंची खणात हे यंत्र बसलं तरी पुढचं दार लागणार नाही. आणि दार लागलं तर जास्त वाईट. रिसीव्हरच्या आतच अॅम्प्लिफायर असतो, तो चांगलाच तापतो. काचेच्या बंद खणात ही उष्णता कोंडली की यंत्र मध्येच स्वतःला बंद करून घेतं आणि वारंवार तसं झालं की आयुष्य घटतं. त्याच्या डोक्यावर किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा हवी, दोन्ही बाजूंना पाच-सहा. पुस्तिकेत जास्त लिहिली असेल तर तेवढी ठेवा.

सबवूफर त्यांनी खालच्या ड्रॉवरशेजारच्या कप्प्यात दाखवलाय. तो तिथे ठेवलात तर प्रत्येक खोल आवाजाला काचा आणि बिजागऱ्या थरथरतील. सबवूफर जमिनीवर, कपाटाच्या बाहेरच हवा. पुढचे डावे-उजवे स्पीकरही बाहेर, स्टँडवर, बसल्यावर कानाच्या उंचीला. म्हणजे पाहा, १०८ चौरस फुटांच्या या युनिटमध्ये टीव्ही सोडला तर खरोखर ठेवायच्या वस्तू दोनच राहतात, रिसीव्हर आणि मधला स्पीकर. बाकी सगळी शोभा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे.

टीव्हीसाठी आखलेला कोनाडा १५० सेंटीमीटर रुंद आहे. ६५ इंची टीव्ही साधारण १४५ सेंटीमीटरचा, तो बसेल. पण ७५ इंची जवळपास १६७ असतो. टीव्ही पाच-सात वर्षांत बदलतो, प्लायवूडची भिंत तशीच राहते. पुढचा टीव्ही तुम्ही कोनाड्याच्या मापाने निवडाल, नाहीतर कोनाडा तोडाल.

आणि घर चिऱ्यांचं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुन्या चिऱ्याच्या भिंती ती ओल धरून ठेवतात. त्यांना प्लायची पाठ ठोकून बसवली की मागे हवा फिरत नाही, बुरशी धरते, आणि वाळवी लागली तर ती पुढून दिसते तेव्हा आतलं संपलेलं असतं. तुमच्या कोटेशनमध्ये फक्त ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलंय. त्याला काही अर्थ नाही. प्लायच्या पत्र्यावर आयएसआय शिक्का आणि आयएस ७१० हा क्रमांक छापलेला असतो, तो सागरी प्रतीचा. आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारी) प्रत त्याखालची, तीही कोरड्या जागी चालते. कोटेशनमध्ये क्रमांक लिहून घेतल्याशिवाय कुणालाही, मेस्तालासुद्धा, काम देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलीत, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटली. घर अजून आजोबांच्या नावावर आहे, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही, आणि दोन काकांचे हिस्से त्यात आहेत. सामायिक घराच्या भिंतीला ठोकलेले अडीच लाख उद्या वाटणीत तुम्हाला वेगळे मोजून मिळतील असं समजू नका. कपाट हलवता येण्यासारखं असेल, तर ते तुमचं आहे आणि तुमच्याबरोबर जाईल. शिवाय हीच ती भिंत, जिच्यापुढे दरवर्षी गणपती बसतो आणि वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची आरास, बांधतात. काका मुंबईहून येतात ते त्या गणपतीसाठी. तिथे तुम्ही एकट्याने ठरवून काचेचं युनिट उभं केलंत, तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण मनात राहील. मी माणसांच्या पैशांचा सल्ला देतो आणि गोव्यात घराचा पैसा घरातल्या माणसांपासून वेगळा काढता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून चाकांवरचं कपाट. चवथीला दोघांनी ढकलून खोलीत न्यायचं, विसर्जनानंतर परत आणायचं.

मेस्ताला हे माप द्या: लांबी सहा फूट, खोली २० इंच, चाकांसह उंची दीड फूट. आत दोन उभ्या फळ्या टाकून दोन-दोन फुटांचे तीन खण. सहा फुटांची आडवी फळी मध्ये आधार नसेल तर वाकते, म्हणून त्या उभ्या फळ्या टाळू देऊ नका. एका खणात रिसीव्हर, दार नको. मधल्या खणात मधला स्पीकर, अगदी पुढच्या कडेला आणून ठेवलेला, म्हणजे आवाज खणात घुमणार नाही. तिसऱ्याला हवं तर दार करा, पण त्यात सेट-टॉप बॉक्स नको, कारण रिमोट लाकडातून चालत नाही; इतर सामान ठेवा. पाठ पूर्ण उघडी. चाकं सहा, पुढच्या दोनांना ब्रेक. टीव्ही मागून पट्ट्याने कपाटाला घट्ट बांधा, घरात लहान मुलं येणार आहेत. या उंचीवर ६५ इंची टीव्हीचा मध्य सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास येतो. भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ठेवा.

एवढ्या कपाटाला १८ मिलिमीटरचे आठ बाय चार फुटांचे प्लायचे दोन पत्रे पुरतात. पण गोठा काढला तेव्हाच्या फणसाच्या फळ्या माळ्यावर पडून आहेत असं तुम्ही म्हणता. मेस्ताला त्या आधी दाखवा. फणसाच्या गाभ्याचं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही, आणि इतकी वर्षं सुकलेलं लाकूड दुकानात मागूनही मिळणार नाही. वरची फळी आणि बाजू त्यातून निघाल्या तर फारच चांगलं. सामान, मजुरी, पॉलिश धरून ३५ हजारांच्या वर जाऊ नका.

१२ हजार वीजकामाला ठेवा. यात काटकसर नको. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये आपल्याकडे किती टीव्ही जातात ते तुम्ही पाहिलंच असेल. अर्थिंग तपासून घ्या, संचासाठी वेगळी लाइन आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं साधन) बसवा, आणि गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची केबलही काढायला घरच्यांना शिकवून जा. उरलेले ८ हजार राखीव, लाकूडकामात काही ना काही वाढतंच.

म्हापशाचं तयार युनिट पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी ते घ्या म्हटलं असतं. तुमच्या हॉलमध्ये पावसाळ्यात लादीला घाम येतो, तिथे त्याचे पाय फुगतील आणि स्क्रू सैल होतील. त्याची खोलीही १५ इंचच आहे.

घराच्या विम्याचं विचारलंत म्हणून. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून साधारण विमा कंपन्यांकडे आहे आणि घरातल्या सामानालाही तिच्यात संरक्षण मिळतं. पण शॉर्टसर्किट किंवा जास्त दाबाने नुसतं यंत्र जळालं तर भरपाई सहसा मिळत नाही, ते वगळलेल्या गोष्टींच्या पानावर वाचा. घर आजोबांच्या नावावर असताना पॉलिसी कुणाच्या नावे आणि कशी निघेल हेही कंपनीला लेखी विचारा. संचाची बिलं सांभाळून ठेवा.

राहिला इसार. इंटिरियरवाल्याला फोनवर नको, प्रत्यक्ष भेटून सांगा की एवढं काम करायचं नाही. अजून प्लाय आणलेला नाही, त्यामुळे निम्मे तरी परत मागायला हरकत नाही. तो रेखाचित्राचे पैसे कापतो म्हणाला, तर वाद घालू नका, त्याने खरंच येऊन मापं घेतली आहेत. वीजकाम त्याच्याच माणसाकडून करून घेऊन ते १० हजार त्यात वळते करता येतील का, हे विचारून पाहा. जे काही परत येईल ते बचत खात्यात ठेवा, कपाटाच्या खर्चात मिसळू नका. मेस्ताला मात्र याच आठवड्यात गाठा. चवथ जवळ आली की डिचोलीत एकही मेस्त मोकळा सापडत नाही.