फोर्ड एफ-१ ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स १९३२ च्या फोर्डला बसवताना

१९४८ ते १९५२ या काळातील एफ-१ ट्रकचा बॉक्स तुमच्या हॉट रॉडसाठी (जुनी गाडी बदलून बनवलेली वेगवान गाडी) उत्तम आहे, परंतु तो चॅसिसवर बसवण्यापूर्वी उघडून आतील वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याबरोबर फिरणारा पेचदार भाग) आणि त्यात अडकणारा रोलर दिव्याखाली नीट पाहा. नखाला खड्डे जाणवले तर कितीही ॲडजस्टमेंट करून उपयोग नाही.

स्टिअरिंगमधला खेळ (सैलपणा) काढायचा तो ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सची हालचाल पुढच्या चाकांकडे नेणारा दांडा, सुटी करून आणि बॉक्स बरोबर मध्यावर ठेवूनच. दात मध्यभागी सर्वाधिक घट्ट असतात, त्यामुळे एका बाजूला वळवून ॲडजस्टमेंटचा स्क्रू आवळला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचे चाक जड होऊन अडकते. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे.

चॅसिसची पोकळ रेल बोल्टने चेपू नये म्हणून आत जाड नळीचे स्लीव्ह वेल्ड करा. ड्रॅग लिंक रेडियस रॉडला (पुढचा ॲक्सल जागेवर धरणारा दांडा) शक्यतो समांतर आणि तेवढ्याच लांबीची ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळेल. पिटमन आर्म (ड्रॅग लिंक हलवणारा हात) गरम करून वाकवण्याचा किंवा तो ज्यावर बसतो त्या बॉक्सच्या सेक्टर शाफ्टला वेल्डिंग करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा, मग शेजारचा वेल्डर कितीही आत्मविश्वासाने बोलो.