वाचकांचे प्रश्न : गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी

प्रश्न : स्पितीतील एका परिचितांच्या होमस्टेवर आम्ही दोन सौर पॅनेल आणि १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. माहितीपत्रकात ‘उणे २० ते ६० अंश’ असे छापले आहे, तरीही हिवाळ्यात सकाळी लख्ख ऊन असूनही ती चार्ज होत नाही. बॅटरी सदोष आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. उणे २० हा आकडा बॅटरीतून वीज घेण्यासाठीचा असतो. चार्जिंगची खालची मर्यादा सहसा ० अंश सेल्सिअस असून ती माहितीपत्रकात वेगळी, बारीक अक्षरांत दिलेली असते. चार्ज होताना लिथियमचे आयन ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. थंडीत ही क्रिया इतकी मंदावते की आत न शिरलेले लिथियम धातूरूपाने ग्रॅफाइटवरच साचते. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि पुढे सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किटही होऊ शकते. हे टाळण्यासाठी तुमच्या बॅटरीतील बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चार्जिंग रोखत असावी. तिला वळसा घालून चार्जिंग करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. (स्वस्त बॅटऱ्यांत ही सोय नसतेही; तेथे ‘चार्ज होते’ हीच काळजीची बाब.)

मर्यादा सेलच्या तापमानाची आहे, हवेची नव्हे. रात्रभर गारठलेली बारा-तेरा किलोंची बॅटरी, पॅनेलवर ऊन येते नेमक्या त्या वेळी सर्वांत थंड असते आणि हवा तापली तरी ती तासन्‌तास मागे राहते. म्हणून ती राहत्या खोलीत, पण बुखारीपासून (खोली तापवण्याच्या शेगडीपासून) दूर, थर्माकोलचे अस्तर लावलेल्या पेटीत ठेवावी. तेवढ्याने भागले नाही तर थर्मोस्टॅट असलेला हीटिंग पॅड लावावा. एवढी बॅटरी १५ अंशांनी तापवायला साधारण ५० वॅट-तास लागतात. उष्णतेची गळती धरून दुप्पट मोजले तरी १,२८० वॅट-तासांच्या साठ्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. तापमानाचा सेन्सर मात्र सेललाच चिकटलेला हवा, पॅडला नव्हे. सेल १० अंशांच्या वर जाईपर्यंत प्रवाह १० अँपिअरच्या आत ठेवावा.

एक न विचारलेली गोष्ट : थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो. ४६ व्होल्टची (ओपन सर्किट, म्हणजे काहीही न जोडता मोजलेला व्होल्टेज) दोन पॅनेल सिरीजमध्ये असतील, तर उणे २० अंशांत ९२ व्होल्टचे सुमारे १०४ होतात आणि पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला १०० व्होल्ट मर्यादेचा चार्ज कंट्रोलर जळू शकतो. तुमची जोडणी तशी असल्यास ती पॅरलल करून घ्यावी.