राइड सेफ असते हे माहीत असूनही भीती का वाटते?

तू लिहिलंयस की पुढच्या महिन्यात कॉलेजची पिकनिक इमॅजिकाला चाललीय, सगळ्यांचं नायट्रोवर, म्हणजे तिथल्या रोलर कोस्टरवर, बसायचं ठरलंय, तुला आत्तापासूनच झोप लागत नाही आणि मित्र फट्टू म्हणतात. आणि विचारलंयस की राइड सेफ असते हे डोक्याला कळत असूनही भीती का वाटते, ती घालवायची कशी. मी इथे नुसता वाचायला येतो, लिहीत नाही. पण फट्टू शब्द वाचला आणि राहवलं नाही.

मी लिफ्ट मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. राहायला कळव्याला, काम बहुतेक घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये. लिफ्टच्या आत नाही हां, लिफ्टच्या डोक्यावर. कार टॉपवर उभं राहायचं, लिफ्ट इन्स्पेक्शनवर टाकायची आणि शाफ्टमधून हळूहळू जात रेल, रोप, दरवाज्यांची लॉकं बघायची. कडेच्या फटीतून खाली तीस माळ्यांचा काळोख. कधी काही वाटलं नाही. मशीन रूममध्ये डबा खाऊन झोप पण काढलीय.

तर २०१५ ला आम्ही सगळे फॅमिलीसोबत इमॅजिकाला गेलो. पार्क सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती आणि नायट्रोचं फार नाव होतं. सोबत माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लाइनमध्ये हा सगळ्यांना सांगतोय की आमच्या दाजींना काय, ते रोज लटकतात, त्यांना हे पाळण्यासारखं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

बसलो. खांद्यावरून ते बार खाली आले, पायाखालची फळी निघून गेली आणि पाय लोंबकळायला लागले, ती राइड फ्लोअरलेस आहे. मग चढण. टक टक टक आवाज येतो ना, ज्याने लोकांची अर्धी हवा निघून जाते, मला तो आवाज ऐकून उलट बरं वाटलं. कारण वर ओढणारी साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दात्यांमध्ये खटका पडत जातो, त्याचा तो आवाज. म्हणजे सेफ्टी वाजतेय. मेहुणा शेजारी गप्प झाला होता, मी त्याला हे समजावत होतो. अगदी शांत होतो मी.

आणि वर पोचल्यावर साखळी सुटली.

बस, तिथे माझं संपलं. ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की इथून पुढे मोटर नाहीये. वर चढवलं तेवढीच काय ती ताकद, बाकी सगळं वजन आणि उतार. साधारण ४० मीटर, म्हणजे आपल्या बिल्डिंगचे तेरा माळे, आणि स्पीड ताशी १०५ किलोमीटरपर्यंत जातो. आमची सोसायटीची लिफ्ट सेकंदाला दीड मीटर जाते, ताशी साडेपाच पण नाही, तुझी आजी चालेल तेवढी. मी जोरात ओरडलो. आई गं नाही, देवाचं नाव नाही. मी ओरडलो "स्टॉप मार! ए स्टॉप मार!" आमच्याकडे कार टॉपवर स्टॉपचं बटण असतं, काही गडबड वाटली की जोडीदाराला असंच ओरडून सांगतो. पहिल्या उतारापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत, उलटापालटा होताना पण, मी कुणाला तरी स्टॉप मारायला सांगत होतो.

झालं. त्या दिवसापासून गणपतीला, भाऊबीजेला, बारशाला, कुठेही मी जिन्यावरून उतरत असलो तरी मेहुणा मागून ओरडणार, "स्टॉप मार!" आणि सगळं घर हसणार. माझी मुलगी पण.

आता तुझं उत्तर. भीती दोन ठिकाणी बसते. एक मेंदूच्या आत अमिग्डाला म्हणून बारका भाग आहे, तो विचार करणाऱ्या मेंदूची वाट बघत नाही, पडतोय असं वाटलं की शरीराला ॲड्रेनलिन सोडायला लावतो, छाती धडधडते, हात गार पडतात. तू मनात कितीही सर्टिफिकेटं वाच, त्याला वाचता येत नाही. आणि कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती सांगते आधार गेला. पोटात गोळा येतो तो पण खराखुरा, सीट खालून दाबत नाही म्हटल्यावर आतले अवयव हलके होतात. १९६० मध्ये गिब्सन आणि वॉक या दोघांनी रांगत्या बाळांवर एक प्रयोग छापला, जाड काच, खाली खोल दिसतंय, पलीकडून आई बोलावतेय, बहुतेक बाळं काचेवर आलीच नाहीत. काच मजबूत होती. मॉलच्या काचेच्या लिफ्टमध्ये बघ, निम्मी मोठी माणसं दरवाज्याकडे तोंड आणि काचेकडे पाठ करून उभी असतात, मी मोजत असतो.

पण हे सगळं तुझ्या मित्रांच्या अंगात पण होतंच, धडधड त्यांची पण तेवढीच. मग कोण मजा म्हणतो, कोण भीती? माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. ज्याला स्टॉपचं बटण स्वतःच्या हातात लागतं तो घाबरतो. उंचीचा काही संबंध नाही. मी तिसाव्या माळ्यावर निवांत असतो कारण बटण माझ्या अंगठ्याखाली असतं.

आणि याला पुरावा आहे. दोनेक वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला मेहुण्याचा फोन, ऐरोलीच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये लाइट गेली आणि हा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लिफ्टमध्ये एकटा. आवाज असा की मी ओळखलाच नाही. "दाजी, रोप तुटला तर?" मी म्हटलं, अरे रोप चार-पाच असतात, एक गेला तरी बाकीचे पेलतात, आणि खाली सुटलीच तर गव्हर्नर, म्हणजे स्पीडवर नजर ठेवणारं यंत्र, ट्रिप होऊन सेफ्टी रेलला पकडते, आणि तू एकटा आहेस, तुझ्यासकट लिफ्टपेक्षा काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन, जड आहे, ब्रेक ढिला झाला तर लिफ्ट वर जाईल, खाली नाही. तर म्हणतो, "वर जाऊन आपटेल?" आता काय बोलणार. स्कूटर काढून ठाणे-बेलापूर रोडने पोचलो तोवर लाइट आलेली, हा लॉबीत जमिनीवर बसलेला, शर्ट भिजलेला. हलत पण नव्हती ती लिफ्ट! ताशी शून्य किलोमीटर! मी हसलो नाही, पाणी दिलं. घरी कुणाला सांगायचं नाही अशी बायकोने शपथ घातलीय, म्हणून भाऊबीजेला गप्प बसतो. इथे तिने काही म्हटलं नव्हतं.

तर तुझे मित्र हसतात त्यातला कोण कशाला घाबरतो ते शोधून ठेव, सापडेल.

बाकी बसायचंच असेल तर मधल्या डब्यात बस. शेवटच्या डब्याला पुढचे डबे उतारावरून ओढून घेतात, तिथे सीटवरून जास्त उचलल्यासारखं होतं, आणि सगळ्यात पुढे उताराची खोली थेट समोर दिसते. डोळे मिटू नकोस, पुढचं वळण दिसलं की अंग आपोआप तयार होतं. चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तिन्हीकडून धरून असतात, आमच्या लिफ्टचे गाइड शूज कसे रेलला धरतात तसंच, मला हे नंतर कळलं आणि पुढच्या वेळी थोडं सोपं गेलं. हो, मी परत बसलो. ओरडलो पण तेच.

आणि हो, बीपी, हार्ट, मानेचं-कमरेचं काही दुखणं असेल तर हे सगळं विसर, बसूच नकोस. नसेल बसायचं तर सरळ नाही म्हण आणि खाली सगळ्यांच्या बॅगा सांभाळ, त्यात काही फट्टूपणा नाही. फक्त जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसायला मला कुणी बोलावू नका, लाकडी ठोकळ्यांवर रातोरात उभा केलेला असतो, मी खाली वाकून त्याचे बोल्ट बघितलेत.