तू जाशील निघून, मला त्याच खिडकीवर जायचंय

लोकांच्या मनाच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. परदेशात बरीच वर्षं काढलेला माणूस घरी येतो. पहिले काही दिवस छान जातात, मग त्याला राहवत नाही. गाव उतरणीला लागल्यासारखं वाटतं. दुकानात, दवाखान्यात, कचेरीत माणसाचे कपडे बघून बोलणं बदलतं, ते खुपायला लागतं. बोलून दाखवलं की घरचे म्हणतात, "तू बदललास." मग तो माझ्यासमोर बसून विचारतो, "मॅडम, चुकतंय ते माझं, की या सगळ्यांना सवय झालीय?"

या प्रश्नाचं उत्तर मी एका कुटुंबाच्या अनुभवातून देणार आहे. त्यांच्या संमतीनं लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण श्रीनिवास म्हणू.

श्रीनिवास सोलापूरच्या पूर्वभागातले. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. वडील कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे कामगार होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. आई विड्या वळायची, ती आता नाही. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, जर्मनीला गेला आणि तिथंच स्थिरावला. वडील घरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून चार महिन्यांची रजा काढून आला. धाकटी बहीण इथंच राहते, वडिलांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. रात्री दोन-अडीचला जाग येते, छातीत धडधडतं, दिवसा कुणावरही आवाज चढतो. बहिणीशी बोलणं बंद झालेलं. हे सांगून झाल्यावर त्यांनी बँकेतला प्रसंग सांगितला.

वडिलांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं पेन्शन आहे. या योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, आणि यांच्यासारख्या अनेक गिरणी कामगारांच्या हातात जवळपास तेवढंच पडतं. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. या पेन्शनधारकांना तो आता वर्षात कधीही देता येतो, पण जुन्या सवयीनं बरेचजण नोव्हेंबरातच जातात. हेही गेले, वॉकर घेऊन. श्रीनिवास गाडी लावायला जागा शोधत होते. आत आले तर वडील रांगेच्या बाहेर, भिंतीला टेकून उभे. मशीनवर अंगठा उमटत नव्हता. आयुष्यभर सुताच्या गाठी मारून बोटांच्या रेषा पुसलेल्या. कारकून म्हणाला होता, "बाजूला हो आजोबा, अंगठा पूस, पुढच्याला येऊ दे." ते बाजूला झाले आणि तसेच उभे राहिले. पाऊण तास.

श्रीनिवास यांनी खिडकीशी जाऊन इंग्रजीत विचारलं. दोन मिनिटांत शाखाधिकारी बाहेर आले, केबिनमध्ये घेऊन गेले, चहा मागवला. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मोबाइलवर होती. काम पाच मिनिटांत झालं. वर विचारणा झाली, "सर, आपलं एनआरआय खातं आहे का आमच्याकडे?" तिथं श्रीनिवास यांचा तोल गेला. सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं बोलले. हीच सोय पाऊण तासापूर्वी का नव्हती, माझ्या बापाला अरे-तुरे का केलं, जर्मनीत असं कुणी करून दाखवा.

मला वाटलं, वडिलांना बरं वाटलं असेल. वडिलांना ते तेलुगूत नायना म्हणतात. श्रीनिवास म्हणाले, "नायना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, तू जाशील निघून. मला त्याच खिडकीवर जायचंय."

त्यांची झोप या वाक्यानं उडाली होती.

मी त्यांना विचारलं, "शाखाधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे केली तेव्हा तुम्ही बसलात?" ते बराच वेळ गप्प राहिले. "बसलो."

"आणि वडील?"

"उभे होते. नंतर त्यांनाही बसवलं."

हे मी त्यांना टोचण्यासाठी विचारलं नव्हतं. परतून आलेल्या माणसाला दुसऱ्याचा अपमान चटकन दिसतो, पण स्वतःला मिळालेला मान दिसत नाही, कारण तो सभ्यतेसारखा वाटतो. खरं तर दोन्ही एकाच हातानं वाटले जातात. त्यांना चहा मिळाला आणि वडिलांना भिंत, याचं कारण एकच होतं. हे लक्षात आल्यावर राग कमी होत नाही. तो फक्त एका कारकुनापुरता राहत नाही.

पुढच्या भेटींत आम्ही गुंता सोडवायला बसलो. एकावर एक बसलेल्या दोन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट गावाची. लहानपणी ज्या गल्लीत मागांच्या खटखटीपुढे हाक ऐकू यायची नाही, तिथं निम्मी शटरं ओढलेली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. बरोबरचे मित्र पुण्यात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावानं पानिपतचा माल विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. "एवढं कसं खालावलं?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपाला १८ जानेवारी १९८२ ही तारीख आहे, लोक ती लक्षात ठेवतात. सोलापूरच्या गिरण्यांच्या मरणाला अशी एक तारीख नाही. एक बंद पडली, दुसरी आजारी पडली, आधी बदलीवाले घरी बसले, मग कायम कामगार, मग भोंगा थांबला. इथं राहिलेल्यांनी हे दुःख वर्षानुवर्षं थोडंथोडं सोसलं. श्रीनिवास यांच्यावर ते एकदम कोसळलं. म्हणून बहिणीला तो आरडाओरडा वाटतो आणि त्याला बहीण निबर वाटते. दोघंही एकाच गोष्टीचं दुःख करत असतात, फक्त तिचं रडून झालेलं असतं.

जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्यानं १९६३ सालीच मांडलं होतं की परदेशात रुळताना जसा एक उतार लागतो, तसाच दुसरा घरी परतल्यावर लागतो. आज त्याला सर्रास रिव्हर्स कल्चर शॉक म्हणतात. हे सांगितलं की लोकांना हायसं वाटतं, आपल्याला काही झालेलं नाही असं कळतं. पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. शॉक म्हटलं की दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. श्रीनिवास जे बघत होते ते खरंच होतं, आणि ते खरं आहे असं त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. मी सांगितलं.

दुसरी गोष्ट माणसामाणसांतल्या वागणुकीची. ते म्हणायचे, "आधी असं नव्हतं हो. गरिबी होती, पण लोक माणसासारखे वागायचे." मी त्यांना आईबद्दल बोलायला सांगितलं. बोलता बोलता विड्यांच्या कारखान्याची ब्रँच आली. संध्याकाळी आईबरोबर सुपातून विड्या द्यायला जायचं. बायका दाराबाहेर जमिनीवर बसलेल्या. आत टेबलाशी एकजण कट्टे तपासायचा आणि मनाला येईल तेवढ्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत. आई काही बोलायची नाही. एकदा सात-आठ वर्षांचा श्रीनिवास बोलला, "परत मोजा." आईनं तिथल्या तिथं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एवढं सांगून ते थांबले. म्हणजे आधीही असंच होतं. बदल झाला होता तो त्यांच्या जागेत. तेव्हा ते दाराबाहेरच्या बाजूला होते, आता त्यांच्यासाठी केबिनचं दार उघडतं. आणि आईनं तेव्हा धपाटा का घातला आणि वडील आता का गप्प बसले, याचं उत्तरही एकच होतं. ज्याला रोज त्याच दारात जायचं असतं, त्याला दुसऱ्यानं केलेल्या भांडणाची किंमत मोजावी लागते.

माझं या विषयावरचं म्हणणं हेच आहे. तुमचा राग खरा आहे, योग्यही आहे. पण तो व्यक्त करताना खर्च कुणाच्या खात्यातून होतोय, हे आधी बघा. ज्याच्यासाठी भांडायचं त्याला विचारल्याशिवाय भांडू नका.

श्रीनिवास यांनी विचारलं. पुढच्या वर्षीपासून हयातीचा दाखला घरूनच मोबाइलवर करू, बँकेत जायलाच नको, असा त्यांचा बेत होता. वडील म्हणाले, "मला जायचंय." नोव्हेंबरात त्या रांगेत गिरणीतले जुने सोबती भेटतात, कोण आहे कोण गेला ते तिथंच कळतं. त्यांना रांग नको नव्हती. बसायला बाक हवा होता, आणि "अहो" हवं होतं. लेकानं ऑनलाइन सोय करून वडिलांचं हे वर्षातून एकदाचं भेटणंच काढून घेतलं असतं, तेही प्रेमापोटी.

मग एक अर्ज लिहिला गेला. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी बँकांना सूचना दिल्या आहेत: शाखेत त्यांच्यासाठी वेगळी किंवा प्राधान्याची खिडकी हवी, सत्तरीच्या पुढच्यांना घरी येऊन मूलभूत सेवा द्यायला हवी. श्रीनिवास यांनी ही माहिती काढून दिली, मराठीत टाइप करून दिलं, आणि सही केली नाही. सह्या वडिलांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या. नेऊनही त्यांनीच दिला. बाक आला. ज्येष्ठांसाठी खिडकीची पाटी लागली, तिथं माणूस कधी असतो, कधी नसतो. कारकून वडिलांना अजून "आजोबा" म्हणतो, पण "या" म्हणतो.

बहिणीचं प्रकरण जास्त अवघड होतं. तिच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. श्रीनिवास यांनी एका दुपारी पाहुण्यांसमोर तो कप उचलून कचऱ्यात टाकला आणि मावशींना घरातल्या कपात चहा दिला. मावशींनी तो घेतलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या चहाला थांबेनाशा झाल्या.

कपाबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. वेगळा कप हा नुसता गरीब-श्रीमंतीचा प्रश्न नसतो. आपल्याकडे त्याला जातीचा वास असतो, आणि अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं संपवलेली आहे. बहिणीला मी हे बोलावून स्पष्ट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मॅडम, कप चुकीचा आहे, मान्य. पण दादानं युरो पाठवले आणि नायनांचं सगळं मी केलं. ऑपरेशनच्या वेळी अकरा रात्री मी दवाखान्यात झोपले. आता तो येऊन चार बायकांसमोर मला माणुसकी शिकवतो."

भाऊ ऐकत होता. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. परदेशातून पैसे पाठवणाऱ्याला आपण वाटा उचलला असं मनापासून वाटत असतं, आणि तो उचललेला असतोही. पण घर सांभाळणाऱ्याची थकलेली पाठ त्या पैशात भरून निघत नाही. अशा घरात वागणुकीवरून होणारी पुष्कळ भांडणं आतून याच हिशेबाची असतात. कपाचं भांडण त्या दिवशी बाजूला राहिलं. दोघं वडिलांच्या दुखण्याबद्दल बोलले, आणि ती रडली.

कप नंतर बदलला, पण तो तिनं बदलला, कुणासमोर नाही. मावशींना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी सुरू केली. ही कल्पना भावाची, पण मावशींना कुठला दिवस हवा ते आधी विचारलं. त्यांनी रविवार मागितला नाही, सोमवार मागितला, कारण त्या दिवशी दवाखान्याची ओपीडी असते.

तुमच्यापैकी कुणी या अवस्थेत असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. आल्याआल्या तुलना बोलून दाखवू नका. मनात आली तर लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी वाचा. त्यातलं बरंचसं तेव्हाही खरं वाटेल, पण ते सांगायचं कसं ते सुचेल. तुम्हाला रांगेतून पुढे काढलं तर मागे जाऊन उभं राहता येतं, त्यासाठी भाषण लागत नाही. रिक्षावाला, वॉचमन, घरकामाच्या मावशी यांच्याशी आपण स्वतः अहो-जाहो बोलतो का, हे आधी तपासा. आणि झोप, भूक, कामात लक्ष हे दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर ते घरच्यांवर काढत बसू नका, मदत घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही.

श्रीनिवास यांनी कायमचं परत यायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. मी घाईही करत नाही. जाण्याआधी बहीण-भावांनी एक गोष्ट मात्र ठरवली. दर मे महिन्यात तीन आठवडे वडिलांची औषधं, डॉक्टर, रात्रीचं उठणं हे सगळं भाऊ बघेल, आणि ते तीन आठवडे बहिणीनं घरात थांबायचं नाही. यंदा ती मुलांना घेऊन कोकणात जाणार आहे.