वाचकांचे प्रश्न : कड्यातले वस्तुमान

प्रश्न : मागच्या दीर्घिकेचा प्रकाश पुढच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने वाकून तिच्याभोवती कडे दिसते (हेच गुरुत्वीय भिंग). त्यावरून पुढचीचे वस्तुमान कसे पसरले आहे ते कळते का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : कड्याच्या आत एकूण किती, ते नेमके कळते. कसे पसरले, ते एकट्या कड्यावरून नाही. काट्यावर काजूच्या पोत्याचे वजन कळते, मोठी बी कुठे नि बारीक कुठे ते नाही, तसेच.

दोघींची अंतरे ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्यावरून, काढा. पुढचीचे अंतर गुणिले मागचीचे, भागिले दोघींमधले, हे उत्तर १ अब्ज पार्सेक (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) आणि कड्याची त्रिज्या १ विकला (अंशाचा ३६००वा भाग) असेल, तर आतले वस्तुमान सुमारे १२३ अब्ज सूर्यांइतके. मधले अंतर साध्या वजाबाकीने काढू नका. प्रसरणाऱ्या विश्वात ती चुकते. त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून तिच्यातली १ टक्का चूक वस्तुमानात २ टक्के होते.

खरी मेख पुढे आहे. दीर्घिकेचे वस्तुमान ठरावीक प्रमाणात घटवून वर सगळीकडे सारखा पातळ थर पसरला, तरी प्रतिमा जागच्या हलत नाहीत. बदलतो तो मागच्या दीर्घिकेचा मूळ आकार, आणि तो कोणी पाहिलेला नसतो! म्हणून दुसरे माप हवेच. वर्णपटातल्या रेषा किती रुंदावल्या यावरून ताऱ्यांचे वेग, वेगांवरून गाभ्यातले वस्तुमान. गाभा आणि कडे अशा दोन त्रिज्यांची वस्तुमाने हाती आली की मध्यापासून बाहेर वस्तुमान कसे विरळ होते तो उतार निघतो.

कड्याच्या बाहेरचे वस्तुमान मागच्या दीर्घिका किती ताणलेल्या दिसतात यावरून मोजतात. पण तिथे त्या जेमतेम १ टक्का ताणलेल्या दिसतात, तर त्यांचा स्वतःचा लांबटपणाच ३० टक्क्यांच्या घरात. ९०० दीर्घिकांच्या सरासरीत चूक त्या ताणाएवढीच, म्हणजे १ टक्का, उरते. दहा हजार घेतल्या तर ती ०.३ टक्क्यावर येते. एका दीर्घिकेमागे इतक्या मिळत नाहीत, म्हणून सारख्या अनेक दीर्घिकांची मापे एकत्र करतात. त्याआधी दुर्बिणीने केलेला ताण ताऱ्यांवरून मोजून वजा करायचा, नाहीतर आरशाचा दोष वस्तुमान म्हणून नोंदला जातो.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनात हे दाखवता येईल? – एक शिक्षिका, साखळी

उत्तर : येईल, वाइनच्या ग्लासच्या तळाने. गोव्यात तो शोधावा लागणार नाही. शाळेत तेवढा रिकामा न्या. तळ देठाकडे चढत गेलेला हवा, सपाट तळाने कडे उमटत नाही. काचवाल्याकडून देठ मुळाशी कापून घ्या, कापलेल्या जागी काळा कागद चिकटवा. दुसऱ्या, पांढऱ्या कागदावर ठळक ठिपका काढून तळ त्याच्या वीतभर वर धरा. ठिपका बरोबर मध्ये आला की कडे, थोडा सरकला की दोन कमानी, तळ कलता केला तर चार प्रतिमा. साध्या भिंगाने हे जमत नाही, कारण ते मध्याजवळ प्रकाश सर्वांत कमी वाकवते, गुरुत्वीय भिंग सर्वांत जास्त.