विज्ञानाचं किट घ्यावं का, की घरीच प्रयोग करावेत?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. आम्ही परभणीजवळ खेड्यात राहतो. तिला विज्ञानाची भारी आवड. ऑनलाइन किट महाग वाटतात. घरच्या घरी काय करता येईल? पुस्तकं कोणती आणावीत?

उत्तर:

किट घेऊ नका. बहुतेक किटमध्ये उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं, आणि दोन रविवारांत ते माळ्यावर जातं. त्याऐवजी मोजायची साधनं घ्या: 100 मिलीचं प्लॅस्टिकचं मोजपात्र, मेडिकलमधून सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज, मोजटेप, कोनमापक, एक भिंग आणि दोनशे पानी वही. बाकी सगळं घरात आणि शेतात आहे.

सुरुवात काळ्या मातीपासून करा. तुमच्याकडे तिची काही वाण नाही.

ढेकूळ दोन दिवस कडक उन्हात वाळवा, बत्त्यानं कुटा आणि मैद्याच्या चाळणीतून चाळा. चाळलेली माती सिरिंजनं किंवा मोजपात्रात हलकेच ठोकून बरोबर 10 मिली मोजून घ्या. आता मोजपात्रात 80 मिली पाणी घेऊन माती चिमूट चिमूट सोडा, वर 100 पर्यंत पाणी भरा, बारीक काडीनं एकदा ढवळून बुडबुडे काढा आणि चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी माती कुठवर आली ते वाचा. अस्सल काळी असेल तर 10 ची 15 ते 20 मिली झालेली दिसेल. शेजारी वाळू किंवा चाळलेला मुरूम घेऊन तेच करा, तो जवळपास जागचा हलत नाही.

कारण असं: बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. वाळलं की ते पुन्हा जवळ येतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा, खचणारे रस्ते, घराच्या भिंतीला गेलेला तिरका तडा आणि पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, या सगळ्यांचं मूळ त्या मोजपात्रात दिसतं. रस्त्याचे इंजिनियर हीच चाचणी करतात, फक्त तुलनेसाठी दुसऱ्या पात्रात रॉकेल घेतात, कारण त्यात ही माती फुगत नाही. घरी रॉकेलच्या भानगडीत पडायची गरज नाही.

कुठं चुकतं? सगळी माती एकदम ओतली की मधे कोरडी गोळी राहते आणि आकडा कमी येतो. माती नीट वाळलेली नसेल तर ती आधीच अर्धी फुगलेली असते. चुनखडीचे खडे राहिले तर तेही मातीच्या मापात धरले जातात. खडा चुनखडीचा आहे का हे बघायला त्यावर लिंबू पिळा, फसफसला तर आहे. एकदाच करून थांबू नका. तीनदा करा आणि तिन्ही आकडे वहीत लिहा, 'चुकलेला' आकडाही खोडायचा नाही.

याच मातीचा गढूळ गाळ बोअरच्या जड पाण्यात लवकर खाली बसतो, जारच्या पाण्यात तासन्‌तास तरंगतो. तुरटी फिरवल्यावर पाणी का निवळतं, याचा दुवा इथंच आहे. मुलीला आधी उत्तर सांगू नका.

दुसरा प्रयोग मेणबत्तीचा, तो मुद्दाम, कारण पुस्तकं तिथं सर्रास चुकतात. ताटात पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. 'हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळाला म्हणून पाणी तेवढं चढलं' असं खाली लिहिलेलं असतं. आता त्याच ग्लासखाली वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या आधी एक, मग दोन, मग तीन लावून बघा. ऑक्सिजन तेवढाच, तरी मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढतं. शिवाय ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर झपकन वर येतं. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे निघतात तेही बघा. मुख्य कारण म्हणजे तापून फुगलेली हवा बाहेर गेली आणि उरलेली थंड होऊन आकसली. छापील कारण स्वतः तपासून खोटं ठरवणं सातवीच्या पोरीला जमतं, म्हणून हा प्रयोग मला फार आवडतो.

तिसरा सावलीचा. याला वर्षातले ठरावीक दिवस लागतात: 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या आसपासचे. गच्चीवर 100 सेंमीची सरळ काठी उभी करा. काठी उभी आहे का ते गवंड्याच्या ओळंब्यानं आणि फरशी सपाट आहे का ते पाणसळीनं तपासा. 'बारा वाजता' सावली मोजायची नाही, कारण घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) 82.5 अंश रेखांशाचं आणि परभणी त्याच्या पश्चिमेला. मार्चमध्ये तुमच्याकडे सूर्य माथ्यावरची रेषा साडेबाराच्या सुमारास ओलांडतो, सप्टेंबरमध्ये सव्वाबाराच्या. तेव्हा बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खडूनं टोकाची खूण करा. सगळ्यांत आखूड सावली ती खरी. परभणीत ती 35 सेंमी भरते. कागदावर 20 सेंमी उभी आणि 7 सेंमी आडवी रेघ काढून त्रिकोण पुरा करा, वरच्या टोकाशी कोन मोजा. 19 अंशांच्या थोडं वर येईल. तोच तुमचा अक्षांश.

कोणी नातेवाईक बेंगळुरूला असेल तर त्यालाही त्याच दिवशी तशीच काठी लावायला सांगा. तिकडे सावली 23 सेंमी, कोन 13 अंश. फरक 6.3 अंश आणि दोन्ही गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 700 किमी. 700 भागिले 6.3 गुणिले 360 करा, पृथ्वीचा परीघ 40,000 किमी येतो. रस्त्याचं अंतर घेतलं तर गणित फसतं, नकाशावरचं सरळ अंतर घ्या. आणि हे लातूरच्या मावशीला धरून करू नका: तिच्या-तुमच्या सावलीत पावणेदोन सेंमीचाच फरक पडतो, आणि मोजण्यात एक सेंमीची चूक झाली तरी उत्तर निम्म्याहून जास्त हुकतं. बेंगळुरूच्या बाबतीत तीच चूक आठ टक्क्यांची.

सावलीचं टोक धूसर का दिसतं? सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीचं टोक जवळपास सेंमीभर पुसट होतं. उपाय सोपा. काठीच्या टोकावर पुठ्ठा बसवून त्याला 3 मिमीचं भोक पाडा. जमिनीवर उजेडाचा गोल ठिपका पडेल, त्याचा मध्य मोजा. भोकाच्या बरोबर खाली ओळंबा सोडून तिथपासून मोजायचं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, भिंगातून तर कधीच नाही.

मे महिन्यात 16-17 तारखेला तुमच्याकडे भर दुपारी काठीची सावलीच नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही होते, पण तेव्हा आभाळ असतं.

हळदीचा दर्शक कागद सगळ्यांना माहीत असतो, पण हळद पाण्यात नीट विरघळत नाही. पाण्यासारख्या पातळ सॅनिटायझरमध्ये पाव चमचा हळद ढवळा, टीपकागद बुडवा, सावलीत वाळवा. सॅनिटायझर पेट घेतं, चुलीपासून लांब. खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याच्या सोड्यानं कागद जास्त लाल होतो, तो फरक बघा.

एक ताकीद: विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो.

पुस्तकांबद्दल. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली विज्ञानाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, पैसे खर्च करण्याआधी तिथं बघा. बालभारतीचं सातवीचं सामान्य विज्ञान घरात आहेच, त्यातला प्रत्येक 'करून पहा' खरोखर करा. विकत घेताना एक पान उघडून बघा: किती ग्रॅम, किती मिली, किती वेळ आणि नाही जमलं तर काय, हे लिहिलेलं असेल तर घ्या. 'जादू' आणि 'चमत्कार' मुखपृष्ठावर असेल तर ठेवून द्या. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं 1860-61 च्या नाताळात मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. ती इंग्रजीत फुकट मिळतात. वरचा मेणबत्तीचा प्रयोग झाल्यावर त्यातलं पहिलं तुम्ही वाचा आणि तिला मराठीत सांगा, मेणबत्ती समोर पेटवून ठेवून.