शाळेतलं विद्यार्थी मंत्रिमंडळ शपथविधीनंतरही चालू राहावं यासाठी काय करावं?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शिक्षणसेवक म्हणून पाचवी ते दहावीच्या ग्रामीण हायस्कुलात नुकतेच रुजू झालात आणि मुख्याध्यापकांनी सहशालेय उपक्रमांचा विभाग तुमच्याकडे दिला. दर जुलैत निवडणूक होते, शपथविधी होतो, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत मंत्र्यांना आपलं खातंही आठवत नाही. मुलांत नेतृत्व खरंच घडवता येतं का आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

घडवता येतं. मीही ग्रामीण हायस्कुलात शिकवते आणि बरीच वर्षं हाच विभाग सांभाळते, म्हणून खात्रीने सांगते. अट एकच आहे. पदाआधी काम द्यायचं, आणि त्या कामापुरता मुलांचा शब्द शेवटचा मानायचा. मंत्रिमंडळ विझतं ते मुलं कंटाळतात म्हणून नाही. क्रीडामंत्र्याला न विचारताच मैदान आखलं जातं, सांस्कृतिक मंत्र्याला संमेलनाची तारीख सूचनावहीतून कळते, अर्थमंत्र्याच्या हाती वर्षभरात एक रुपया येत नाही. ज्याच्या होकार-नकाराने काहीच बदलत नाही, त्याने त्या पदाची आठवण कशासाठी ठेवावी?

निवडणूक मात्र बंद करू नका. आपण शिक्षक मतदान केंद्रावर वर्षानुवर्षं काम करतो, त्यामुळे अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, बोटाला शाई हे सगळं मुलांसमोर अगदी नेमकं उभं करता येतं. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप घेऊन तर आता जिल्हा परिषदेच्या लहान शाळाही हे करतात. नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला तास नाही. पण निवडून द्यायच्या जागा कमी ठेवा. मी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एवढ्याच ठेवते, त्यात एक मुलगी आणि एक मुलगा. बारा-चौदा खात्यांची निवडणूक घेतली, की ज्या वर्षी गावात ग्रामपंचायतीचं मतदान असतं त्या वर्षी पॅनेल आणि भावकी थेट आठवीच्या वर्गात येऊन बसतात. हरलेल्या उमेदवारांना घरी बसवायचं नाही. दर शुक्रवारी परिपाठानंतर दहा मिनिटं त्यांनी मंत्रिमंडळाला जाहीर प्रश्न विचारायचे, आणि उत्तर "बघतो" असं चालणार नाही, तारीख सांगावी लागेल. या दहा मिनिटांनी आमच्याकडे जेवढं काम हललं तेवढं शिक्षकांच्या सूचनांनी कधी हललं नाही.

बाकीची मुलं खात्यांत नव्हे, कामाच्या गटांत घ्या. गट सहा ते आठ जणांचा, त्यात पाचवीपासून नववीपर्यंतची मुलं मिसळलेली. हे माझं डोकं नाही, स्काऊटची जुनी रीत आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हा श्रीमंत शाळांतली आणि कामगारांच्या घरची मुलं एकत्र करून त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर सोपवली. आजही स्काऊट-गाईडच्या पथकात संघनायक असतो तो याच कारणाने. तीस-चाळीस मुलांच्या जमावात पुढे येणारी दोन-चार मुलं आधीपासून धीटच असतात. सात जणांत मात्र गप्प मुलीलाही बोलावंच लागतं, कारण तिच्या वाटचं काम दुसरं कोणी करत नाही. गटनायक सत्राला एक. जूनपासून दिवाळीपर्यंत एक, दिवाळीनंतर दुसरा.

कामं कोणती द्यायची? रोज घडणारी आणि चुकली तर लगेच कळणारी. पोषण आहाराचंच घ्या. पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेलं आहे. पाचवीत ४० आणि वरच्या तीन वर्गांत मिळून ११० मुलं हजर असतील, तर ४ किलो आणि साडेसोळा किलो, एकूण साडेवीस किलो. हा हिशोब सकाळी हजेरी झाल्यावर आहार गटाने करून फळ्यावर लिहायचा, स्वयंपाकीण ताईंना जाऊन सांगायचा आणि त्यांच्यासमोर वजन होताना उभं राहायचं. नोंदवहीची जबाबदारी अर्थातच शिक्षकाची, ती मुलांवर टाकायची नाही. पण पंगत कशी बसवायची, आधी कोणाला वाढायचं, ताटं कुठे धुवायची म्हणजे चिखल होणार नाही, हे गटाला ठरवू द्या. आमच्या आहार गटाने पंगतीची तोंडं फिरवून नळाजवळची रोजची ढकलाढकली थांबवली. आम्हा शिक्षकांना ते सुचलं नव्हतं, कारण त्या नळावर आम्ही कधी ताट धूत नव्हतो. परसबाग, वाचनालयाची देवघेव, क्रीडा साहित्य, परिपाठ, भित्तिपत्रक ही कामंही अशीच. भित्तिपत्रकाबद्दल एवढंच म्हणते की ते मुलांचं असू द्या, सुंदर अक्षरवाल्या मॅडमचं नको. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवायचे. रोजचं काढता नाही आलं तरी आठवड्याचं काढता येईल.

आता एक गोष्ट जी तुमच्या शाळेत आजपासून बंद झाली तर मला फार बरं वाटेल. सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर. बहुतेक मुलांना शाळेत मिळणारा नेतृत्वाचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव अनुभव हाच असतो. त्यातून ते शिकतात काय? मोठ्यांच्या वतीने बरोबरीच्यांवर पाळत ठेवायची, मित्राचं नाव गाळायचं, ज्याच्याशी भांडण त्याचं नाव दोनदा लिहायचं. हातात पट्टी दिली असेल तर त्याहून वाईट. वर्गप्रतिनिधीला वेगळं काम द्या. गैरहजर मुलाच्या घरी निरोप पोचवायचा, त्याचा बुडालेला अभ्यास कोण देणार ते ठरवायचं, वर्गाची अडचण शिक्षक खोलीत येऊन सांगायची. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुलं परत येतात तेव्हा अशा प्रतिनिधीची किंमत कळते.

बैठक हा या सगळ्याचा कणा. शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धा तास पुरतो, पण तो वेळापत्रकात छापलेला हवा, उरलेल्या वेळेतला नको. अध्यक्ष दर वेळी वेगळा. सुरुवातीला मागच्या शनिवारचं इतिवृत्त वाचायचं आणि काय झालं, काय राहिलं ते सांगायचं. प्रत्येक निर्णयापुढे एक नाव आणि एक तारीख, त्याशिवाय निर्णय लिहायचा नाही. एखाद्या विषयावर मत हवं असेल तर आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर नववीचा मोठा मुलगा पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. तुम्ही बाजूच्या बाकावर बसा आणि अगदी शेवटी बोला. हे सगळ्यात अवघड आहे. मुलं गप्प झाली की आपली जीभ वळवळते, आपण एक वाक्य बोलतो आणि तोच निर्णय होतो. त्या शांततेत थांबा. थोड्या वेळाने कोणीतरी बोलतंच.

पैसा मुलांच्या हातात द्यावा का? द्यावा, थोडा आणि ठरवून. मुख्याध्यापकांना सांगून स्नेहसंमेलनातल्या अल्पोपाहाराची किंवा बक्षिसांची रक्कम अर्थ गटाकडे द्या. आपण शाळेची खरेदी तीन दरपत्रकं मागवून करतो, तीच शिस्त त्यांना लावा. तीन दुकानांत जाऊन भाव आणायचे, तुलना लिहायची, निवड का केली ते दोन ओळींत मांडायचं, पावत्या चिकटवायच्या आणि संमेलन झाल्यावर आठवड्याच्या आत परिपाठात सगळ्यांसमोर हिशोब वाचायचा. आनंद बाजारालाही हेच. भेळेचा गाळा लावणारी मुलं संध्याकाळी "सहाशे रुपये नफा" म्हणून नाचतात, आणि विचारलं तर कांदा, तेल, गूळ घरून आणलेलं असतं, आईने सकाळी दोन तास काम केलेलं असतं. ते सगळं कागदावर मांडायला लावा, आईच्या दोन तासांना शेतमजुरीच्या दराने रुपये लावायला सांगा. नफा बराच खाली येतो आणि त्याच कागदाने आईच्या कामाबद्दल घरात बोलणं सुरू होतं. मला आनंद बाजार आवडतो तो यासाठी.

कामवाटपात दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, झाडू कोणाच्या हातात जातो. "ज्याची इच्छा त्याने घ्यावं" म्हटलं की गावातली वाडी-वस्ती आणि जात कामवाटपाच्या तक्त्यात आपोआप उतरते. मुलं ती घरून शिकून आलेली असतात. म्हणून स्वच्छतेची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा, सगळ्या वर्गांना, आणि त्यात शिक्षकांचंही नाव घाला. शौचालय धुण्याचं काम विद्यार्थ्यांना देऊच नका. दोन, मुली. पाहुणे आले की औक्षण आणि रांगोळी मुलींकडे, ध्वनिक्षेपक आणि मंडप मुलांकडे. हे मुद्दाम उलटं करा. माइकची जोडणी मुलींना एकदा शिकवली की पुढच्या वर्षीच्या मुलींना त्याच शिकवतात, तुमची गरज लागत नाही.

मुलांनी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तरी होऊ द्या. संमेलनात लेझीमऐवजी नाटक बसवायचं ठरलं आणि ते फसलं, तर फसू द्या, आणि पुढच्या शनिवारी त्यावर शांतपणे बोलू द्या. मी अडवते ते तीनच बाबतींत: जिवाला धोका असेल, कोणाचा अपमान होणार असेल किंवा ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च होणार असेल. आणि हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मनमानी वाटत नाही. सहलीचं ठिकाण मुलांनी सुचवावं, वेळापत्रक आखावं, पण गाडी, विमा, औषधं, शिक्षण विभागाची परवानगी, पाण्याच्या काठी कोण उभं राहणार, हे सगळं आपलं.

"आपल्या मुलांना हे झेपणार नाही" असं शिक्षक खोलीत कोणीतरी म्हणेलच. त्यांना साताऱ्याची आठवण करून द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. तिथे सगळ्या जातींची, बहुतेक अतिशय गरीब घरांतली मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वयंपाक आणि शेतीची कामं स्वतः करायची. त्या काळात एका पंगतीला बसणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. पुण्यात १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनी नेतृत्वविकसनाचं काम करते, तिथेही गटकार्य आणि प्रकल्प यांवरच भर आहे. आप्पा पेंडसे यांनी ती सुरू केली तेव्हा बुद्धिमान मुलांसाठी केली हे खरं, पण मुलांनी मिळून काम उभं करायची ही रीत कुठल्याही मुलांना लागू पडते. आणि नियमाचा आधार हवा असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत आपल्याकडे दोन विद्यार्थीही घेतले जातात, त्यांत किमान एक मुलगी. या दोघांना नुसतं सहीपुरतं बोलवू नका. शनिवारच्या बैठकीत ठरलेला एक विषय त्यांनी समितीसमोर मांडायचा, असा पायंडा पाडा. पालक सदस्य मुलांचं ऐकतात, आपल्यापेक्षा जास्त ऐकतात. पिण्याच्या पाण्याची टाकी आम्हाला अशीच मिळाली.

दहावीची मुलं यातून मोकळी ठेवा, पालकांची तक्रार तिथूनच येते. नववीच्या पालकांना मात्र जूनच्या सभेत स्पष्ट सांगा की आठवड्यातला अर्धा तास आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं एवढाच वेळ जाणार आहे.

तुम्ही एकटे आहात आणि नवे आहात, म्हणून या वर्षी सगळं करू नका. दोनच गट करा, आहार आणि वाचनालय, आणि शनिवारची बैठक. मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी आधी मागून घ्या: वेळापत्रकातला तो अर्धा तास, आणि गटाने घेतलेला निर्णय गटाला विचारल्याशिवाय कोणी फिरवणार नाही असा शब्द. दुसरी गोष्ट मिळत नसेल तर थोडं थांबा, एखादं लहान काम यशस्वी करून दाखवा आणि पुन्हा मागा. इतिवृत्ताची वही मुलांच्याच अक्षरात ठेवा, शुद्धलेखन दुरुस्त करू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या सत्रात तिसरा गट मागा.